फ्रीजरमधील मेथी आणि आषाढाची मुदत

जैन कुटुंबाच्या स्वयंपाकघरात पालेभाजी ही कधीच केवळ चवीची वस्तू नव्हती. ती घरात येते तेव्हा तिच्याबरोबर तीन प्रश्न येतात. आज तिथी कोणती? ऋतू कोणता? आणि ती निवडली कोणी? धान्य चाळता येते, डाळ पाखडता येते; पालेभाजीचे मात्र पान अन् पान उलटून पाहावे लागते. पानाच्या मागच्या अंगाला चिकटलेली अंडी, देठाच्या बेचक्यात दडलेली हिरवी अळी, पानाच्याच रंगाचा मावा, हे सर्व घाईच्या नजरेला दिसत नाही. जयणा हा शब्द प्रवचनात अनेकदा कानावर पडतो. परंतु त्याचा रोजचा धडा गृहिणी भाजीची जुडी सोडून बसते तेव्हाच गिरवला जातो.

गेल्या काही वर्षांत व्यापारी कुटुंबांच्या घरी मोठे फ्रीज आले आणि त्यांच्याबरोबर गोठवलेली पालेभाजीही आली. कोणी ती बाजारातून पाकीटबंद आणते, कोणी हिवाळ्यात स्वस्त मिळाली की घरीच गोठवून ठेवते. परदेशी राहणाऱ्या लेकीसुनांना तर थंडीच्या दिवसांत अनेकदा हाच मार्ग सोयीचा वाटतो. भाजी धुतलेली, चिरलेली, वर्षाच्या कोणत्याही दिवशी हाताशी. प्रश्न इतकाच की वर सांगितलेले तीन प्रश्न या पिशवीबरोबर गोठून जातात, की तसेच शिल्लक राहतात?

ही पद्धत फार जुनी नाही. क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकी गृहस्थाने लॅब्रेडॉरच्या कडाक्याच्या थंडीत पाहिले की, अन्न अतिशय वेगाने गोठले तर महिन्यांनंतरही त्याची प्रत टिकते. त्यावरून त्याने यंत्रे तयार केली, आणि मार्च १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड शहरातील १८ दुकानांत गोठवलेले पदार्थ प्रथम प्रायोगिक विक्रीला ठेवले गेले. त्या पहिल्या यादीतही पालक होता.

वेगाला एवढे महत्त्व का, हे समजले की पुढील स्वयंपाकही समजतो. पालेभाजीच्या वजनात सुमारे नऊ-दशांश पाणीच असते. पाणी गोठताना फुगते. कारखान्यात ते झपाट्याने गोठते, म्हणून बर्फाचे कण बारीक राहतात. घरच्या फ्रीजरमध्ये ते सावकाश गोठते, कण मोठे होतात आणि पानांच्या पेशींच्या भिंती फाटतात. म्हणूनच गोठवलेले पान बाहेर काढल्यावर लुळे पडते आणि पाणी सोडते. हा त्याचा दोष नव्हे, स्वभाव होय. दुसरी गोष्ट अशी की, थंडीने पानातील विकरांचे काम मंदावते, परंतु थांबत नाही. रंग, वास आणि चव टिकवायची तर गोठवण्यापूर्वी पाने उकळत्या पाण्यात थोडा वेळ घालून लगेच गार करावी लागतात.

पुण्यातील बिबवेवाडीत राहणाऱ्या, मार्केट यार्डात भुसार मालाची आडत असलेल्या एका स्थानकवासी कुटुंबात हा विषय काही महिने गाजत होता. घरातील सासूबाईंचे वय ७६. लग्नानंतर पन्नासहून अधिक वर्षे त्या घरातील भाजी त्यांनीच निवडली. सुना स्वयंपाक करीत, पण मेथीची जुडी त्यांच्यासमोर गेल्याशिवाय कढई चुलीवर चढत नसे. पुढे वयोमानाने त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा विकार बळावला. नजरेच्या कडा शाबूत, मध्यभागी मात्र धूसर डाग. माणूस ओळखू येई, पण पानावरची अळी दिसेना. एके दिवशी त्यांनी शांतपणे सांगितले, “आता माझ्याकडे भाजी देऊ नका. जे दिसत नाही त्याची जबाबदारी मी घेऊ शकत नाही.”

सून एका शाळेत शिक्षिका. सकाळी साडेसहाला तिचे घर सुटे. तासभर बसून दोन जुड्या निवडणे तिला आठवड्यातून एकदाही जमेना. तिने बाजारातून गोठवलेल्या पालेभाजीचे पाकीट आणले. त्या दिवशी सासूबाई काही बोलल्या नाहीत. ताटातली भाजीची वाटी मात्र त्यांनी हाताने बाजूला सारली. घरात भांडण झाले नाही. तरीही सुनेला जाणवले की, पाकिटाबरोबर या घरातील एका माणसाचे काम संपले आहे. ज्या कामामुळे त्या रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसत, ते कामच उरले नव्हते.

पाकिटाची चौकशी केली तेव्हा इतरही गोष्टी ध्यानात आल्या. पाकिटावरील हिरवी खूण पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगते. तो कांदा-लसणाविना आहे, असे ती सांगत नाही. नुसते चिरलेले पान असेल तर प्रश्न नाही, परंतु तयार भाजीच्या पाकिटात कांदा, लसूण, आले हमखास सापडते. घटकांची यादी शेवटच्या शब्दापर्यंत वाचावी लागते. शिवाय बाजारात सर्वांत सहज मिळणारी गोठवलेली पालेभाजी म्हणजे पालक. आणि ३२ अनंतकायांच्या परंपरागत यादीत पालकाचे नाव येत असल्यामुळे अनेक घरांत तो बारा महिने वर्ज्य असतो. त्या पाकिटातही पालकच होता, आणि वाटी बाजूला सरण्याचे एक कारण हेही होते. सुनेच्या माहेरी पालक चालत असे. सासरी तो का येत नाही, हे तिला इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

जानेवारीच्या मध्यास, मेथी स्वस्त आणि कोवळी असताना, सुनेने दुसरा प्रस्ताव मांडला. “बाई, मेथी आपण घरीच गोठवू. खुडायची तुम्ही, बघायची मी.” मेथी खुडणे हे काम डोळ्यांपेक्षा बोटांचे. कोवळा देठ नखाला लगेच तुटतो, जून देठ वाकतो. पिवळे पान हाताला मऊ व चिकट लागते. सासूबाईंनी थोडा विचार करून होकार दिला, मात्र एक अट घातली. “घाई करायची नाही. एका बैठकीला दहाच जुड्या.”

दोन रविवार, सकाळ आणि दुपार अशा चार बैठका झाल्या. एकूण ४० जुड्या. सासूबाई पाने खुडून पांढऱ्या चादरीवर टाकीत; सून, मुलगा आणि सी.ए.चा अभ्यास करणारा नातू दिव्याच्या उजेडात ती उलटसुलट पाहत. ज्या पानावर जीव दिसे ते पान अंगणातील कुंडीत अलगद ठेवले जाई. देठ आणि पिवळी पाने वगळून जुडीमागे सरासरी १७५ ग्रॅम पाने हाती आली. एकूण ७ किलो. त्यांच्या पाव-पाव किलोच्या २८ पिशव्या झाल्या. नातवाने त्यांची नोंद वहीत केली, हे व्यापाऱ्याच्या घरास साजेसेच होते.

कृती सोपी असली तरी तिचा क्रम पाळावा लागतो. पाने दोन-तीन पाण्यांनी धुवून निथळून घ्यावीत. पाव किलो पानांसाठी सुमारे ४ लिटर पाणी खळखळून उकळावे. पाणी कमी घेतले तर पाने टाकताच उकळी बसते आणि पाने नुसतीच शिजत राहतात. उकळत्या पाण्यात साधारण २ मिनिटे ठेवून ती चाळणीत उपसावीत आणि तितकाच वेळ गार पाण्यात बुडवावीत. पुस्तके येथे बर्फाचे पाणी सांगतात. परंतु परंपरेने सांगितलेल्या २२ अभक्ष्यांत हिम, म्हणजे बर्फ, येत असल्यामुळे या घरात गाळून उकळलेले आणि फ्रीजच्या खालच्या भागात थंड केलेले पाणी दोनदा बदलून वापरले गेले. उकळीचे तेच पाणी तीन-चार खेपांना चालते, त्यामुळे पाण्याचाही अपव्यय होत नाही. शेवटी उरलेल्या त्या हिरवट पाण्यात त्याच दिवशी ठेपल्याची कणीक भिजवली गेली, कारण पानातील काही जीवनसत्त्वे पाण्यात उतरतात. नंतर पाने हलक्या हाताने पिळून, स्टीलच्या ताटात पातळ पसरून गोठवावीत आणि मगच पिशवीत भरावीत. म्हणजे त्यांचा एकच गोळा होत नाही. पिशवीतील हवा दाबून काढावी, वर तारीख लिहावी. फ्रीजरचे तापमान उणे १८ अंश सेल्सिअस असावे.

वीज गेली तर दार उघडू नये. पूर्ण भरलेला फ्रीजर दार बंद राहिल्यास सुमारे ४८ तास, अर्धा भरलेला सुमारे २४ तास तग धरतो. एकदा वितळलेली भाजी मात्र पुन्हा गोठवू नये. त्याच दिवशी शिजवावी. थंडीने जंतू निष्क्रिय होतात, मरत नाहीत, आणि वितळताच पुन्हा वाढू लागतात.

शिजवताना ताज्या भाजीची सवय थोडी बदलावी लागते. सुकी भाजी करायची तर पिशवी ओट्यावर ठेवून वितळवू नये. तेल, जिरे, हिंग, हिरवी मिरची यांच्या कडकडीत फोडणीत पाने तशीच टाकावीत. वरून पाण्याचा थेंबही घालू नये, झाकण ठेवू नये, आच मोठी ठेवावी. सुटलेले पाणी आटले की मगच मीठ घालावे, तेही नेहमीपेक्षा कमी, कारण पाने आधीच आकसलेली असतात. पीठ पेरून केलेली मेथी या पानांची सर्वांत चांगली होते. भाजलेले बेसन उरलासुरला ओलावा शोषून घेते आणि पानांचा लुळेपणा जाणवत नाही. ठेपल्यासाठी पिशवी आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी, पाने पिळून घ्यावीत आणि निघालेला रसच कणकेत पाण्याऐवजी वापरावा. मेथी द्विदलात गणली जाते, म्हणून ठेपल्याबरोबर दही घ्यायचे तर ते आधी गरम करण्याची रीत येथेही तशीच राहते. कोशिंबिरीसाठी किंवा नुसते पान खाण्यासाठी मात्र गोठवलेल्या मेथीचा उपयोग नाही.

पहिल्या आठवड्यात पीठ पेरलेली मेथी झाली. सर्वांनी आवडीने खाल्ली. सासूबाईंनी घेतली नाही. सुनेला वाईट वाटले. जिच्या हातांनी पाने खुडली, तिनेच ती खाऊ नयेत! तेव्हा त्यांनी कारण सांगितले. “अगं, उकळत्या पाण्यातून काढलेले पान म्हणजे अर्धे शिजलेलेच. ओलावा असलेले शिजवलेले अन्न रात्र ओलांडून ठेवू नये, असे मी लहानपणापासून पाळत आले. तुमचा नियम तितका कडक नाही, तुम्ही खा. माझ्यासाठी तुम्हाला सोडायला सांगणार नाही, आणि तुमच्यासाठी मी मोडणार नाही.” त्यानंतर घरात एक व्यवस्था आपोआप रूढ झाली. मेथीच्या दिवशी त्यांच्यासाठी मुगाची डाळ किंवा ताज्या दुधी-तुरईची भाजी होई. अष्टमी-चतुर्दशीला पिशवी कोणासाठीही उघडली जात नसे. गोठवलेली असली तरी ती हिरवीच, याबद्दल कोणाचे दुमत नव्हते.

खरा पेच आषाढात उभा राहिला. या घरी आषाढ शुद्ध चतुर्दशीपासून कार्तिकापर्यंत चार महिने पालेभाजी बंद असते. काही श्वेतांबर घरांत ती फाल्गुन चौमासीपासूनच, म्हणजे आठ महिने वर्ज्य असते. तेथे हा प्रश्न आणखी आधी येतो. चतुर्दशीला आठवडा उरला असताना वहीप्रमाणे ४ पिशव्या शिल्लक होत्या. बाहेर पाऊस लागलेला, बाजारात मेथीचे दर हिवाळ्याच्या कितीतरी पट. नातवाने दादीजींसमोर युक्तिवाद मांडला. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य आहे ती पावसाळी ओलाव्यात पानांवर सूक्ष्म जीवांची उत्पत्ती वाढते म्हणून. ही पाने जानेवारीची. कोरड्या हवेतली, चार जणांनी निवडलेली. त्यानंतर पावसाचा थेंब त्यांना लागलेला नाही. कारणच नसेल तर बंदी कशाची?

युक्तिवाद पोकळ नव्हता. समाजातील अनेक तरुण हाच प्रश्न विचारतात आणि “नियम म्हणजे नियम” एवढ्या उत्तराने त्यांचे समाधान होत नाही. उलट असे उत्तर ऐकून पुष्कळजण नियमच सोडून देतात. सासूबाईंनी त्याला गप्प केले नाही.

“तुझा हिशोब बरोबर आहे बाळा,” त्या म्हणाल्या, “पण तू खात्याची एकच बाजू लिहिलीस. चार महिन्यांचे पच्चक्खाण घेताना दोन गोष्टी मनात असतात. एक, जीवदया. दुसरी, मनाला नाही म्हणण्याची सवय. जीवदयेचे उत्तर तुझ्या फ्रीजरने दिले असेल, मी नाकारत नाही. मनाचे उत्तर तो कसा देणार? पूर्वी पावसाळ्यात चांगली मेथी मिळायचीच नाही, म्हणून न खाण्यात निम्मे श्रेय बाजाराचे असायचे. आता ती हात लांबवला की मिळते. म्हणजे सोडण्याची खरी परीक्षा आत्ताच सुरू झाली.”

नातवाने पुन्हा विचारले, “मग मी घेऊ नको?”

“ते मी सांगणार नाही. पच्चक्खाण ज्याचे त्याने घ्यायचे असते. घ्यायचे नसेल तर घेऊ नकोस, मी रागावणार नाही. पण एकदा घेतलेस, तर त्यात पळवाट शोधू नकोस. करारावर सही करून नंतर कलमांचा कीस पाडणाऱ्या माणसाला तुझे आजोबा उधार माल देत नसत.”

व्यापारी कुटुंबाला याहून स्पष्ट भाषा लागत नाही. नातवाने त्या वर्षी दोन महिन्यांपुरतेच पच्चक्खाण घेतले, आणि ते पाळले. चार महिन्यांचे घेऊन मनातल्या मनात वाद घालीत राहण्यापेक्षा दोन महिन्यांचे निखळ बरे, असे त्याच्या आजीचेही मत पडले.

सोयीच्या साधनांविषयी समाजात दोन टोकाची मते ऐकू येतात. एक मत असे की, असली साधने घरात आली म्हणजे आचार गेलाच. दुसरे असे की, साधने आली, आता जुन्या बंधनांचे प्रयोजन संपले. फ्रीजर यातले काहीच करीत नाही. तो पानाचे वय थांबवतो, एवढेच त्याचे काम. पान निवडण्याची काळजी तो घेत नाही. ती कोणीतरी आधी घ्यावी लागते. तिथी तो ओळखत नाही. आणि ऋतू पुसून टाकण्याचे सामर्थ्य त्याच्यात असल्यामुळेच, ऋतूची आठवण ठेवण्याची जबाबदारी माणसावर अधिक येते. ज्या काळी निसर्गच हात आखडता घेत असे, त्या काळी संयमाला बाहेरून आधार होता. आज तो आतूनच द्यावा लागतो.

त्या घरी चतुर्दशीच्या आधीच्या रविवारी ४ पिशव्यांपैकी एकीचे ठेपले झाले. उरलेल्या ३ पिशव्या शेजारच्या, असा नियम नसलेल्या कुटुंबाला देऊन फ्रीजरचा तो कप्पा पुसून कोरडा करण्यात आला. वहीत शिल्लक शून्य लिहिली गेली. सासूबाईंनी विचारले, “किती उरल्या होत्या?” तीन, असे कळल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे आठवड्याला एक पुरते. पुढच्या पौषात ४० नकोत, ३६ जुड्या आणा. गरजेपेक्षा जास्त खुडायची नाही.”

पुढील पौषात ३६ जुड्या आल्या. खुडायला सासूबाई पाटावर बसल्या होत्या.